टॉप गिअर वारंवार सुटतोय? मोठा गिअरबॉक्स बसवायच्या आधी एवढं तपासा

दहा टायरच्या ट्रकचा टॉप, म्हणजे सर्वांत वरचा गिअर चालता-चालता आपोआप न्यूट्रलला सुटायला लागतो. मिस्त्री बॉक्स उतरवतो, हब आणि स्लीव्ह (हबवर सरकून गिअर शाफ्टला जोडणारी कडी) नवी टाकतो, गाडी एक सिझन नीट चालते आणि पुन्हा तेच. मग स्लीव्ह सरकवणारा फोर्क बदलतो, त्यानंतर सिंक्रो रिंगा (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या), त्यानंतर बेअरिंगं. शेवटी ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने गिअरचा दांडा धरून गाडी चालवायला लागतो. अशा वेळी मालकाला कोणीतरी सांगतं, ‘हा बॉक्सच हलका आहे, मोठा टाक, कटकट संपेल.’ जुन्या मालाच्या बाजारात मोठा बॉक्स मिळतोही, आणि बसवून देणाराही भेटतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉक्स पहिल्यांदा बिघडला तर दोष बॉक्सात शोधा. तीच तक्रार नवे पार्ट टाकूनही परत आली तर बॉक्सच्या पुढे आणि मागे शोधा. पुढे म्हणजे क्लच, फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) आणि त्याचं हौसिंग. मागे म्हणजे जॉइंट (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता शाफ्ट) आणि क्राऊन (त्या एक्सलमधला मोठा गिअर). मोठ्या बॉक्सचा विचार त्यानंतर.

गिअर नेमका कधी सुटतो?

हे मालकाला माहीत नसतं, ड्रायव्हरला माहीत असतं. त्याला नीट विचारा: चढाला, लोड घेताना सुटतो? उताराला, रेसवरून पाय काढल्यावर सुटतो? की खड्ड्यात आपटल्यावर? आणि कुठला गिअर? उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

खड्ड्यात सुटत असेल तर बॉक्स उघडू नका. इंजिनाचे आणि बॉक्सचे फाउंडेशन रबर बघा, लिंकेजचे बुश बघा. रबर बसलं असेल तर इंजिन-बॉक्स एका बाजूला हलतो, दांडा केबिनच्या बाजूने जागेवरच राहतो, आणि फोर्क ओढला जातो. एवढ्यासाठी बॉक्स उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

दुसरा किंवा तिसरा गिअर चढाला लोडवर सुटत असेल तर दातांकडे संशय जातो. स्लीव्हचे आणि गिअरच्या बाजूचे ते छोटे डॉग दात सरळ कापलेले नसतात. टोकाकडे किंचित रुंद आणि मुळाशी किंचित अरुंद असा त्यांना उलटा उतार दिलेला असतो. त्यामुळे लोड आला की स्लीव्ह बाहेर सरकण्याऐवजी आणखी आत ओढली जाते. गिअर घासून-घासून टाकला की हा उतार झिजतो, दाताची टोकं गोल होतात, आणि मग तोच लोड स्लीव्हला बाहेर ढकलतो. म्हणून स्लीव्ह नवी आणि गिअर जुना असा अर्धा खर्च केला तर थोड्या दिवसांत परत बॉक्स उतरवावा लागतो. टाकायची तर जोडी टाका. आणि दात वेल्डिंगने भरून ग्राइंडरने घासून देणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन निघून या. हाताने मारलेल्या ग्राइंडरला तो उतार साधत नाही आणि दाताची कडकीही वेल्डिंगच्या उष्णतेत जाते.

पाय काढल्यावर सुटणं हे बहुतेक वेळा शाफ्टच्या पुढे-मागे होण्याचं लक्षण असतं: मेन शाफ्टचा नट ढिला झालाय, बेअरिंग खेळतंय, किंवा शिम (फट भरायची पातळ चकती) अंदाजाने टाकली आहे. चाकं बॉक्सला उलटी ढकलतात तेव्हा शाफ्ट सरकतो आणि गिअर आपला आपण बाहेर.

आणि फक्त टॉप सुटतोय, बाकीचे सगळे गिअर शहाण्यासारखे वागतायत, अशी तक्रार असेल तर माझा पहिला संशय बॉक्सवर नसतोच. ज्या बॉक्समध्ये टॉप डायरेक्ट आहे, म्हणजे इंजिनाचा वेग तसाच मागे जातो, त्यात टॉपला काउंटर शाफ्टवर (बाकीच्या गिअरांना फिरवणाऱ्या बाजूच्या शाफ्टवर) लोड येत नाही. क्लचकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि मागे जाणारा मेन शाफ्ट स्लीव्हने थेट एकमेकांना जोडले जातात. हे दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला स्लीव्हला बारीकसा धक्का बसतो, आणि हजारो फेऱ्यांनी ती सरकत-सरकत बाहेर येते. नवी स्लीव्ह टाकली की दातांची धार नवी असते म्हणून काही महिने तग धरते. ‘बदललं की बरं वाटतं, मग परत’ ही तक्रार इथून येते.

कुंभार्लीच्या गाडीचं काय निघालं

कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर एक गाडी चालायची. खालून चिरा भरून कुंभार्ली घाट चढायची, कोयनानगर, पाटण करत वर यायची. टॉप सुटायचा तो घाटात नव्हे (घाटात टॉप लागतोय कुठे!), पाटणच्या पुढे रस्ता सरळ झाल्यावर. हब, स्लीव्ह, फोर्क, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक ज्यात टेकतं ते) सगळं आलटून-पालटून बदलून झालं होतं. मालकाने मोठा बॉक्स बघूनही ठेवला होता, बयाणा तेवढा द्यायचा बाकी होता.

ओगलेवाडीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॉक्स उतरवला, पण उघडला नाही. तसाच बाजूला पोत्यावर ठेवला. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट काढली, फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड लावला, त्याला डायल गेज बसवला आणि गेजचं टोक हौसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं, जिथे बॉक्सची कॉलर येऊन बसते. मग पोऱ्याला इंजिन हाताने, सावकाश, एक पूर्ण फेरा फिरवायला लावलं. गेजचा काटा एका बाजूला गेला आणि दुसऱ्या बाजूला परत आला. फरक निघाला अर्ध्या मिलिमीटरच्या वर.

‘मालक, बॉक्सात काय बी खराबी न्हाय. बॉक्स बिचारा मार खातोय नुसता.’

या मोजमापाला अशा डिझेल इंजिनांत साधारण ०.२० मिलिमीटरपर्यंत सूट धरतात. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. पण बॉक्स मधल्या रेषेपासून सरकून टांगलेला असतो.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. त्याआधी इंजिनाचं काम झालं होतं तेव्हा क्रँकचं मागचं सील बदलायला फ्लायव्हील हौसिंग काढलं होतं. हौसिंग जागेवर बसावं म्हणून त्याला दोन डॉवेल पिना असतात. एक पिन काढताना तुटली असावी, दुसरी गायब होती. हौसिंग नुसत्या बोल्टांवर आवळलं होतं. बोल्टाचं भोक बोल्टापेक्षा मोठंच असतं, त्यामुळे आवळताना हौसिंग जिथे बसलं तिथे बसलं. मिस्त्रींनी बोल्ट थोडे ढिले केले, लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके देत गेज बघत हौसिंग मधे आणलं, आवळलं, परत मोजलं, आणि मग जाड डॉवेलसाठी भोकं रीमरने मारून घेतली. बॉक्सात नवी स्लीव्ह आणि तिच्या जोडीचा इनपुट शाफ्ट टाकला, कारण जुन्याचे दात तोपर्यंत गेलेच होते. मोठ्या बॉक्सचा विषय तिथेच संपला.

हौसिंगचं तोंड, म्हणजे बॉक्स जिथे टेकतो ती सपाट बाजूही अशीच गेज लावून बघतात. तिथे जुनं गॅस्केट, रंग, वाळलेलं सिलिकॉन राहिलं असेल तरी बॉक्स तिरका बसतो. पत्र्याच्या पट्टीने खरवडून, डिझेलने पुसून मगच मोजायचं.

बॉक्सच्या पुढे: क्लच

पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, म्हणजे इंजिन बॉक्सपासून वेगळं होत नसेल, तर प्रत्येक गिअर टाकताना सिंक्रो रिंगेला इंजिनाशी झुंजावं लागतं, आणि रिंग जळते. तपासायला साधी युक्ती आहे. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच-सात सेकंद थांबा आणि सावकाश रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक बॉक्समध्ये सिंक्रो नसतो. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतलं फिरणं थांबतं आणि गिअर गुपचूप पडतो. कर्र वाजला तर क्लच ओढतोय: पेडलचा खेळ, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, हवेचा बूस्टर, प्रेशर प्लेटची फिंगरं, वाकलेली प्लेट, सुकलेलं पायलट बेअरिंग, या क्रमाने बघत जा. यातली पहिली तीन कामं बॉक्सला हात न लावता होतात.

प्लेटवर ऑइल दिसलं तर ते इंजिनाचं की बॉक्सचं हे आधी ठरवा. इंजिनाचं काळं आणि पातळ, बॉक्सचं जाड आणि उग्र गंधकी वासाचं. बॉक्सात ऑइल जास्त भरलं तरी पुढच्या सीलमधून ते क्लचवर येतं. लेव्हल म्हणजे भरायच्या बुचाच्या खालच्या कडेपर्यंत. बोट आत घालून टोकाला ऑइल लागलं की पुरे.

ऑइल, न्यूट्रल आणि टोचन

या तीन गोष्टींनी जेवढे बॉक्स जातात तेवढे ओव्हरलोडनेही जात नसतील, असं माझं आपलं मत.

ऑइलचा डबा बघा. ८०डब्ल्यू-९० हा जाडीचा आकडा, तेवढाच बघून भागत नाही. जीएल-४ आहे की जीएल-५ हे बघा. जीएल-५ क्राऊन-पिनियनसाठी उत्तम, पण त्यातल्या जादा गंधकी रसायनाने पितळी सिंक्रो रिंगा खाल्ल्या जाऊ शकतात. बॉक्सला कंपनीने पुस्तकात जे लिहिलंय तेच. मागच्या एक्सलच्या हौसिंगसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं बॉक्सात ओतायचं, ही सवय अनेक गॅरेजांत आहे. ड्रेनच्या बुचाला लोहचुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर चालायचंच. चकत्या, कपच्या दिसल्या तर दात तुटतायत. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजतायत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल घमेल्यात काढून उन्हात धरून बघावं लागतं.

न्यूट्रल: उताराला डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल मारून सोडतात. ब्रेकचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बॉक्सचं काय होतं ते कमी जणांना. चाकांमुळे मेन शाफ्ट जोरात फिरत असतो आणि काउंटर शाफ्ट मात्र आयडलच्या वेगाने, म्हणजे ऑइल उडवण्याचं काम मंदावलेलं. वेगात फिरणाऱ्या गिअरांच्या बुशांना ऑइल कमी पडतं. शिवाय उतार संपताना त्याच वेगात गिअर कोंबला की रिंगेवर सगळा भार.

टोचन तर त्याहून वाईट. बंद पडलेली गाडी टोचन करून आणताना जॉइंट सोडला नाही तर काउंटर शाफ्ट अजिबात फिरत नाही, मेन शाफ्ट मात्र पूर्ण वेगाने फिरतो, कोरडा. वीस-तीस किलोमीटर असं आणलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं आणि महिन्याभरात बॉक्स वाजायला लागतो. मग शिव्या इंजिनवाल्याला. जॉइंटचे बोल्ट सोडायला पाव तास लागतो.

बॉक्सच्या मागे: जॉइंट आणि क्राऊन

बॉक्सचं मागचं बेअरिंग किंवा सील परत परत जात असेल तर जॉइंट काढून बघा. क्रॉसमध्ये खेळ, सेंटर बेअरिंगचं फाटलेलं रबर, वेल्डिंग केलेला पण बॅलन्स न केलेला पाइप. आणि सरकणाऱ्या कॉलरवरच्या खुणा: दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारी तोंडं) एका ओळीत हवीत. स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) एक-दोन दात चुकवून बसवली की जॉइंट प्रत्येक फेऱ्यात झटके देतो, आणि ते झटके बॉक्स खातो.

आता क्राऊन. इथे थोडं थांबतो, कारण निम्मी क्लच-बॉक्सची रडगाणी इथून सुरू होतात आणि कोणी त्याला जबाबदार धरत नाही.

टाटाच्या गाड्यांत क्राऊन-पिनियनची ६/४१ आणि ७/४१ ही दोन मापं (पिनियनचे दात आणि क्राऊनचे दात) ओळखीची आहेत. ४१ भागिले ६ म्हणजे ६.८३, ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६. दहा-वीसचा (१०.००-२०) टायर एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास जातो. डायरेक्ट टॉपला इंजिन २००० आरपीएमवर असताना ६/४१ ची गाडी साधारण ताशी ५६-५८ किलोमीटरच्या वेगाने जाईल, ७/४१ ची ६५-६७ च्या. हायवेला फरक जाणवतो, डिझेलही वाचतं, म्हणून लोक क्राऊन बदलतात. पण मोफत काही मिळत नाही. त्याच इंजिनाची चाकावरची ओढ प्रत्येक गिअरमध्ये १४ टक्क्यांनी कमी झाली. सपाटीला ते कळत नाही. घाटाच्या वळणावर, भरलेली गाडी पहिल्यात उचलताना, जिथे आधी क्लच सोडला की गाडी निघायची तिथे आता हाफ क्लचवर रेस द्यावी लागते. प्लेट जळते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, ड्रायव्हर अर्धवट क्लचवर गिअर ओढतो, रिंगा जातात.

त्यात माल वाढला. २०१८ साली केंद्राने एक्सलच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहा टायरची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनून आल्या. जुन्या गाडीचे क्लच, बॉक्स, क्राऊन मात्र जुन्याच हिशेबाचे. ‘सगळेच भरतात’ म्हणून जुन्या गाडीत तेवढा माल भरला, त्यात ७/४१ टाकला, आणि घाटाची लाइन धरली, तर बॉक्स कुठलाही आणा.

घाटाची गाडी असेल तर मी ६/४१ ला हात लावणार नाही. हायवेचीच असेल, बहुतेक सपाटीची, तर ७/४१ जरूर.

तरीही मोठा बॉक्स हवाच असेल तर

हवा असू शकतो. इंजिनाची ताकद वाढली असेल, किंवा कामच बदललं असेल, तर बॉक्सही बदलावा लागतो. पण आधी आकडा बघा. टाटाच्या बॉक्सच्या नावात साधारण टॉर्कचा अंदाज दडलेला असतो: जी-७५० म्हणजे ७५० न्यूटन मीटरच्या घरातला, जी-९५० त्याहून वरचा, जुन्या जीबीएस-४० मधला ४० हा किलोग्रॅम-मीटरचा, म्हणजे ४०० च्या आसपास. झेडएफचा ९एस १११० म्हणजे नऊ स्पीड आणि अकराशेच्या घरातला टॉर्क. तुमच्या इंजिनाचा टॉर्क पुस्तकात लिहिलेला असतो. बॉक्सचा आकडा इंजिनाच्या वर सुरक्षित अंतरावर आधीच असेल तर बॉक्स हलका नाही, आणि आणखी मोठा टाकून फक्त वजन वाढेल.

वेग हवा आणि घाटही चढायचा अशी दोन्ही गरज असेल तर क्राऊन न बदलता ओव्हरड्राइव्हचा सहा स्पीड बॉक्स हा खरा मार्ग. खालचे गिअर ओढीचे राहतात, सर्वांत वरचा गिअर वेगाचा. एक लक्षात ठेवा, ओव्हरड्राइव्हला जॉइंट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो. जुना, बॅलन्स नसलेला जॉइंट तिथे टिकत नाही.

बॉक्स बदलताना लोक बॉक्सची किंमत धरतात आणि बाकीचं विसरतात. इनपुट शाफ्टचे स्प्लाइन वेगळे असले तर क्लच प्लेट वेगळी. ३३० मिलिमीटरच्या प्लेटवरून ३५२ किंवा ३८० वर जायचं तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही वेगळी. पायलट बेअरिंगचं माप, शाफ्टची लांबी, क्लच हौसिंग, क्रॉस मेंबर, जॉइंटची लांबी, दांड्याचं लिंकेज, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर. टिपरला पीटीओ (हौदा उचलायला बॉक्समधून ताकद घेणारा जोड) असेल तर तोही. बीएस-६ गाडीत तर इंजिनाचा कंट्रोलर वेग आणि आरपीएमची सांगड बघत असतो, तिथे जुन्या बाजारातला भलताच बॉक्स मी सुचवणार नाही. सगळ्यात कमी भानगडीचा मोठा बॉक्स तो, जो कंपनीने त्याच इंजिनाला दुसऱ्या मॉडेलमध्ये दिलाय. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीच्या मूळ रचनेपासून आणि आरसीतल्या नोंदींपासून गाडी वेगळी झाली तर प्रश्न येऊ शकतो. मोठा बदल करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, पासिंगच्या दिवशी नको.

जुना बॉक्स घेताना तो तुमच्यासमोर जमिनीवर ठेवायला लावा. इनपुट शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर खडूने खूण करा, पहिला गिअर टाका, आणि फ्लँज एक फेरा फिरेपर्यंत इनपुट किती फेरे फिरतो ते मोजा. तोच पहिल्या गिअरचा रेशो. बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, फेरे खोटं बोलत नाहीत. प्रत्येक गिअरला असंच मोजा. मग फ्लँज धरून पुढे-मागे ओढा. खट्खट खेळ लागला तर बेअरिंगं गेली. पीटीओचं झाकण उघडून टॉर्चने दात बघा. दाताच्या अंगावर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर सोडून द्या. बिल घ्या, त्यावर बॉक्सचा नंबर घालून घ्या.

टाटाची गाडी असेल तर कंपनीच्याच प्रोलाइफ योजनेत जुना बॉक्स देऊन रिकंडिशन केलेला घेता येतो. बाजारापेक्षा महाग वाटेल, पण वॉरंटी लिहून मिळते. तुमच्या गावाच्या आसपास धड मिस्त्री नसेल तर हाच पर्याय मला बरा वाटतो.

मिस्त्री कसा निवडायचा

मालकांना विचारू नका, ड्रायव्हरांना विचारा. मालक उधारी किती दिवस देतो ते सांगेल. बॉक्स किती दिवस टिकला ते ड्रायव्हर सांगेल. साखर कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना रात्री निवांत वेळ असतो, तिथे चार नावं सहज मिळतात. ज्या नावावर दोघा-तिघांचं एकमत होईल तिथे जा.

गेल्यावर त्याने काय विचारलं ते बघा. ‘कधी सुटतो, कुठल्या लाइनला चालते, आधी कोणी उघडला होता, काय टाकलं होतं’ असं विचारणारा, भरलेल्या गाडीत बसून एक चक्कर मारतो म्हणणारा माणूस सोडू नका. जो गाडी गेटात शिरताच ‘उतरवा बॉक्स, उद्या संध्याकाळी घेऊन जा’ म्हणतो त्याचा हात भरभर चालत असेल, पण कारण शोधायला तो थांबणार नाही.

गॅरेजवर नजर फिरवा. भिंतीला डायल गेज लटकतोय का, की तो पेटीत गुंडाळून ठेवलेला आहे (मला दुसरा जास्त आवडतो)? बेअरिंग प्रेसवर बसवतो की छिन्नी-हातोडीने? टॉर्क पाना आहे का? मेन शाफ्टचा नट काढला की तो परत वापरत नाहीत, नवा घालून, ठरलेल्या टॉर्कला आवळून, त्याची कड खाचेत दाबतात. जुना नट, वर दोन टाचे, हे मी कबूल करणार नाही. बॉक्स बांधायची जागा वेगळी आणि झाकलेली हवी. रस्त्याच्या धुळीत, पोत्यावर उघडे बेअरिंग ठेवून बांधलेला बॉक्स कितीही चांगल्या मालाचा असो, वाळूचे कण घेऊनच बंद होतो. शिमा कशा ठरवतो ते थेट विचारा. ‘हाताला कळतं’ हे उत्तर अनुभवी माणसाचं असलं तरी पुरेसं नाही. मोजून, पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघणारा हवा. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गाड्या करणाऱ्यापेक्षा एकाच घराण्याचे बॉक्स वर्षानुवर्षं उघडणारा बरा.

पैशांचं आधी बोला. उतरवणं-चढवणं वेगळं, बांधणं वेगळं, माल वेगळा, लेथवाल्याचं वेगळं. माल कंपनीचा की लोकल, हे प्रत्येक पार्टपुढे लिहून घ्या; बेअरिंग आणि सिंक्रोमध्ये लोकल नको, सील-गॅस्केटमध्येही कंजुषी नको, नट-बोल्ट, ब्रॅकेटमध्ये चालेल. काढलेले सगळे जुने पार्ट गाडीत टाकून द्यायला सांगा. आणि तोच दोष परत आला तर मजुरी कोणाची, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. तो उलट अट घालतो: ‘ऑइल मी सांगेन तेच, आणि क्राऊनला हात लावला तर माझी जबाबदारी नाही.’ अशी अट घालणाऱ्याकडे बॉक्स बिनधास्त सोडा.

वेळही बघून जा. दसऱ्याच्या तोंडावर, गळीत सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांनाच गाडी परवा हवी असते. पावसाळ्यात चिऱ्याची, उसाची कामं थंडावलेली असतात तेव्हा मिस्त्रीला मोजायला वेळ असतो.

गाडी परत ताब्यात घेताना रिकामी चालवून ‘बरोबर’ म्हणू नका. अर्धा माल भरून, चढ आणि उतार दोन्ही असलेल्या रस्त्यावर मिस्त्रीला शेजारी बसवून चालवा. टॉपला रेस धरा, सोडा, परत धरा. दांड्याला हात लावू नका, तो थरथरतो का नुसतं बघा. पहिले काही दिवस माल बेताचा ठेवा. पाचशे-हजार किलोमीटरवर ऑइल काढून घमेल्यात बघा, नव्या रिंगांची थोडी सोनेरी धूळ असणारच, कपची असता कामा नये. त्याच वेळी हौसिंगचे आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा, नवं ऑइल भरा आणि किलोमीटरचा आकडा खडूने केबिनच्या दारामागे लिहून ठेवा.